भाकरीवाले सर

आमचे जीवशास्त्राचे सर शिकवता शिकवता डबा खात. चांदूर बाजारच्या शाळेत त्यांचं नावच भाकरीवाले सर पडलं होतं. अन्नसाखळीच्या तासाला ते ज्वारीची अख्खी भाकर वर धरत. "हे गवत." तिचा दहावा भाग मोडून नाकतोड्यासाठी टेबलावर ठेवत आणि उरलेली स्वतः खात. त्या तुकड्याचा दहावा भाग बेडकाला. बाकीचा पुन्हा सरांच्या तोंडात. घुबडाच्या वाट्याला बोटावर एक कणी उरे.

"सर, मधातलं सारं तुमीच खाऊन राहिले!" मागून कोणीतरी ओरडे.

"मंग! नाकतोडा उड्या काय फुकट मारते? खाल्लेलं त्याच्या अंगातच जळते. वर जाते ते एवढंसं. म्हणून वरचे थोडे असतात, बाबू. जपावं लागते त्याइले."

निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी आमच्या शेतावर येत. बांधावरच्या चिंचेच्या ढोलीत घुबडांची जोडी होती. शेजारच्या संत्र्याच्या बागेतून गफूरचाचा चहा आणत.

"मास्तर, या पाखरापायी घरदार सोडलं तुमी."

"घरी कोनी उंदीर धरत नाही," सर म्हणत.

शेतात उंदरांचं औषध टाकू नकोस, एवढंच सरांनी माझ्याकडे मागितलं होतं. मी अमरावतीला नोकरी करतो, शेत रविवारी बघतो. एका वर्षी उंदरांनी हरभरा पार पोखरला, आणि मी औषध टाकलं. आठवड्याभरात दोन्ही घुबडं चिंचेखाली मरून पडली.

त्यातलं एक वर्तमानपत्रात गुंडाळून सर माझ्या दारात आले. "फक्त सांग. तू टाकलं का?"

"नाही, सर."

"माहीत होतं मले. तू माह्या वर्गातला आहेस." आणि ते तडक गफूरचाचांकडे गेले.

त्यानंतर त्या बांधावर चहा झाला नाही. चाचा समोरून दिसले की सर सायकल वळवत. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. दर रविवारी मी ते पुढच्या रविवारावर ढकललं. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. स्मशानात गफूरचाचा सगळ्यांच्या मागे, फाटकाशी उभे होते. लोक पांगल्यावर त्यांनी माझा हात धरला. "खुदा कसम, म्या औषध टाकलं नव्हतं रे. मास्तरनं अखेरपर्यंत मानलं नाही. तुले तरी पटते ना?"

"पटते, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुआ दिली.