धुवायला टाकलेली बाटली

मी वही सुरू केली ती प्रयोगशाळेतलं रोजचं तापमान लिहायला. सांगलीच्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटकडून एवढीच अपेक्षा होती. पण तापमानाशेजारी माणसं काय बोलली तेही लिहीत गेलो, आणि नव्वदचं दशक सरता सरता वह्यांत तापमान शोधावं लागायला लागलं.

त्यातले हे किस्से मुल्ला मॅडमच्या पीएच.डी.चे. धातूचा क्षार आणि सेंद्रिय आम्ल बंद बाटलीत तापवायचं. पिंजऱ्यासारखी रचना असलेले स्फटिक होतात, आतल्या पोकळ्यांत वायू साठवता येतो. अडचण एकच, पाणी लागलं की पिंजरा कोसळतो. पाण्यात टिकणारा एक मिळाला तर मॅडमना पदवी, नाहीतर घरी. मुदत संपत आली होती.

*

विभागप्रमुख सर पाहुण्यांना सांगायचे, "या चमचाभर पावडरीच्या पोकळीत अख्ख्या मैदानाएवढी जागा आहे."

बाटल्या धुणारे बाबूराव म्हणाले, "मग आपलं भंगार ठिवूया की त्यात. एक खोली तरी रिकामी हुईल."

*

पहिले स्फटिक लखलखीत आले. सरांनी सगळ्या स्टाफला बोलावलं आणि उघडी बाटली हातात धरून भाषण केलं. जुलैची हवा. भाषण संपलं तेव्हा बाटलीत पीठ होतं.

अहवालात सरांनी लिहिलं, 'स्थैर्य समाधानकारक.' खोटं नव्हतं. भाषण सुरू होईपर्यंत होतंच.

*

पुढची खेप मॅडमनी उन्हाळ्यात तासगावला, भावाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये वाळत ठेवली. हवा कोरडी, सावली चांगली. चार दिवसांनी आणायला गेल्या तर पावडर पिवळी, वास असा की नाक धरावं.

भाऊ खुशीत होता. "बेदाण्यासंगं ह्येलाबी गंधकाची धुरी दिली, आक्का. रंग बघ की कसा आलाय."

*

शेवटच्या खेपेत मॅडमनी धातू बदलला. स्फटिक दिसेचनात, बाटलीच्या बुडाला नुसतं पांढरं पुट. सरांनी चालता चालता पाहिलं आणि म्हणाले, "हे काही झालं नाही. धुवायला टाका." मॅडमनी टाकली. मुदतवाढीचा अर्जसुद्धा लिहिला नाही.

दहा दिवसांनी सरांनी बाबूरावांना सगळ्यांसमोर झापलं, एक बाटली धुवायला किती दिवस लागतात म्हणून. बाबूराव बाटली घेऊनच आले.

"आवं सर, चार दिस पाण्यात भिजवली. उकळून बघितली. मग अ‍ॅसिडात ठिवली, सोड्यात ठिवली. ह्ये पांढरं काय इरघळंना. बाटली गेली म्हणा."

"मग फेकून दे," सर म्हणाले.

मॅडमनी बाबूरावांच्या हातातून बाटली घेतली. माझी वही ओढली, कोरं पान काढलं.

"बाबूराव, बसा. पहिल्यापासून सांगा. पाण्यात कुठल्या वारी घातली?"