पाचव्या फवाऱ्याची गळती

ओटमार क्लेंकने बॉयटलरबाईंच्या गाडीच्या सायलेन्सरपाशी वाकून धूर हुंगला आणि सगळं समजल्यासारखी मान डोलावली. खरं तर त्याला काडीचं कळलं नव्हतं. जानेवारीत ताप आला, जाताना वास घेऊन गेला, तो एप्रिल उजाडला तरी परतला नव्हता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कुठल्या तोंडाने? तीस वर्षं गुरुवारच्या बिअरच्या टेबलावर हाच पठ्ठ्या छाती फुगवून म्हणत आला होता, "माझं नाक थकलं की त्याच दिवशी गॅरेज रोझविताचं!"

रोझविता ही त्याची मुलगी. वय चव्वेचाळीस, मेकॅनिकची मोठी परीक्षा बापापेक्षा जास्त गुणांनी पास झालेली. ती शेजारच्या शेडमध्ये नव्या गाड्या बघायची. जुनीला हात लावला की बापाचा ओरडा ठरलेला.

बाईंची गाडी एकाहत्तर सालची, त्यांच्या वडिलांची. पेट्रोल फवाऱ्याने मारणारं इंजिन, आणि त्याला हुकूम सोडणारा जेवणाच्या डब्याएवढा खोका. महिनाभर ती गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होती. काळा धूर, प्लगांवर काजळी, उराख गावच्या चढावर दम तोडणं. सरकारी तपासणीत दोनदा नापास होऊन परत आली. शेवटी बाईंनी शांतपणे सांगितलं, "क्लेंकसाहेब, शनिवारी दुपारी मी तिला उल्म शहरात नेते. तिथे एकजण आहे म्हणतात." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. क्लेंककडून उल्मला गाडी गेली, हे सोमवारपर्यंत आल्ब डोंगराच्या पायथ्याच्या प्रत्येक गावात कळलं असतं.

आज शनिवार होता. ओटमारने काय करायचं बाकी ठेवलं होतं? तापमान मोजणारा सेन्सर बदलला, पेट्रोलचा दाब मोजला, चारही फवारे धुऊन आणले, हवेचा दाब ओळखणारी डबीसुद्धा नवी बसवली. राहिला तो पाचवा फवारा, थंड इंजिन सुरू करताना क्षणभर जादा पेट्रोल देणारा. तो त्याने पहिल्याच दिवशी तपासला होता, बापाने शिकवलेल्या पद्धतीने: गाडी बंद करून अर्धा तास थांबायचं, हवेची नळी काढायची आणि भोकाला नाक लावायचं. पेट्रोलचा दर्प आला तर पाचवा गळतोय. दर्प आला नव्हता. आणि क्लेंकांच्या घरात नाकाने एकदा सोडलेली वस्तू पुन्हा तपासायची म्हणजे पाप.

आता नळी पुन्हा काढून तो नुसताच इंजिनकडे बघत उभा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, रडू येईल की काय असं त्याला वाटत होतं.

रोझविता कॉफीचा कप घेऊन आली आणि दारातच थबकली. "पप्पा, अहो केवढा दर्प मारतोय पेट्रोलचा!"

"कुठून?"

"कुठून काय? तुमच्या नाकासमोरून!"

"हो, हो. तेच तर बघत होतो."

तिने कप ठेवला, त्याला बाजूला सारलं, पाचवा उपसला, त्याचं तोंड काचेच्या बरणीत धरलं आणि पंप चालू केला. कोरडा राहायला हवा होता. टप, टप, टप. बरणीचा तळ ओला झाला.

"हा तुम्ही पहिल्या दिवशी बघितला होतात ना?"

"बघितला होता."

"आणि वास आला नाही?"

ओटमार हातातली नळी पुसायला लागला. रोझविता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलायस!"

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. तिने पेट्रोलने भिजलेलं फडकं त्याच्या नाकाखाली धरलं. ओटमारने दीर्घ श्वास घेतला, अगदी सवयीने, जाणकारासारखा. ती येताना कप घेऊन आली होती हे त्याला आठवलं.

"कॉफी," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. फडकं तिच्या हातात होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"देवा! आणि तुम्ही इथे एकटे वेल्डिंग करत होता? गॅस गळला असता तर कळलं तरी असतं का?"

"मला वाटलं, येईल परत," तो म्हणाला आणि टायरच्या ढिगावर मटकन बसला. ती रागावली नाही. तेच त्याला सोसवेना.

मोडीतल्या गाडीचा एक पाचवा कपाटात होता. तो बरणीत कोरडा राहिला. तिने बसवला, इंजिन चालू केलं आणि वीस मिनिटं तापू दिलं. काळा धूर विरळ होत गेला आणि थांबला. ओटमार उठून तिच्याजवळ आला.

"धुराला कसला वास येतोय?"

ती सायलेन्सरपाशी वाकली. "पेट्रोलचा अजिबात नाही, पप्पा. स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे कसा?"

तिला सांगता येईना.

बारा वाजता बॉयटलरबाई आल्या, गाडीभोवती फिरल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "मला माहीत होतं, क्लेंकसाहेब! शेवटी तुमचंच नाक!"

रोझविता पाठ फिरवून पाने पुसत राहिली. तो हो म्हणाला असता तरी ती काही बोलली नसती, हे ओटमारला पक्कं ठाऊक होतं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"नाही, बाई. हिने शोधलं. मला वास येत नाही," तो म्हणाला. "यापुढे गाडी हिच्याकडे आणा."