लटारूभाऊंच्या सात खोल्या

गाढवी नदीच्या काठच्या गावात, वडशाचा बाजार बैलगाडीने सकाळी निघून दुपारी गाठता येईल इतक्या अंतरावर, लटारूभाऊ राहत. धानाची बरी शेती होती, स्वभाव गरीब होता, आणि व्यसन एकच होतं, ते म्हणजे खोल्या बांधायचं.

लग्न झालं तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं. मोठी कमळा जन्मली आणि भाऊंनी तिसरी खोली काढली. शेजाऱ्यांनी हटकलं तर म्हणाले, पोरीला लागेल. पोरीचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. मग बाळाजीची खोली झाली, मग धाकट्या वच्छलाची. पुढे व्याही आले तर कुठे निजतील, म्हणून आणखी एक झाली. सातवी कशासाठी बांधली हे भाऊंनाही नीट सांगता येत नसे. सागवान उरलं होतं, एवढंच. जागा दिसेल तिकडे घर सरकत गेलं होतं. नवखा पाहुणा पाणी प्यायला उठला की हमखास गोठ्यात निघे.

पोरं मात्र बापाच्या हिशेबाने राहिली नाहीत. कमळा ब्रह्मपुरीला दिली, वच्छला सिंदेवाहीला, आणि बाळाजी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागला. गुडघे कुरकुरायला लागले तशी भाऊंनी शेतीही बटईने दिली. आता त्या सात खोल्यांत दोन माणसं उरली, आणि सारवणारी त्यातली एक.

ती एक म्हणजे गुणाबाई. ती एका टोकाने सारवायला लागे, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या खोलीची जमीन पुन्हा उकललेली असे. एका सकाळी तिने पुढच्या दोन खोल्या सारवल्या, शेणाची बादली ओसरीत ठेवली आणि हात धुतले. भाऊंनी विचारलं, बाकीचं कधी?

"आता मले होत नाई," ती म्हणाली. "या दोन माह्या. त्या पाच तुमच्या."

भाऊंनी ते हसण्यावारी नेलं. सणासुदीला लोक येतील, हिला लाज वाटेल आणि सारवेल, असा त्यांचा अंदाज. पोळा आला, गणपती आले, लोकही आले. गुणाबाईने सगळ्यांना ओसरीत बसवून चहा पाजला. तोवर कमळाच्या खोलीत कोंबड्यांनी बस्तान मांडलं. व्याह्यांच्या खोलीत मांजर व्याली. बाळाजीची खोली गळायला लागली, कारण उन्हाळ्यात छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला भाऊ वर चढू शकले नव्हते, आणि वर चढलो नाही हे त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं.

शेवटी भाऊंनी स्वतःच बादली उचलली. अर्धी खोली सारवून झाली आणि कमर अशी धरली की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय सरळ होता येईना. गुणाबाई दारात उभी राहून ते उंचसखल काम बराच वेळ बघत होती.

"इथी धान पेराचं हाये का?" तिने विचारलं, आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

त्या दिवशी कमरेला मोहाचं तेल चोळता चोळता तिने मनातलं सांगितलं. मागच्या पाचही खोल्या उतरवायच्या. लाकूड चांगलं आहे, कवेलू शाबूत आहेत, कोणाच्या तरी कामी येतील. आपल्याला दोन खोल्या आणि ओसरी पुष्कळ झाली. भाऊ पालथे पडलेले होते, त्यामुळे त्यांना उठून जाता आलं नाही, नाहीतर ते गेले असते.

त्याच सुमारास चांदा जिल्हा बसल्या जागेवरून मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घालायचं ठरलं. चावडीवर त्याचीच चर्चा. भाऊ तिथे बसून सगळ्यांचं ऐकत, पण जिल्ह्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांचं दुःख वेगळं होतं, आणि ते त्यांनी बाजारात ब्रह्मपुरीच्या एका ओळखीच्या माणसाला सांगितलं. बायको घर मोडायला निघाली, असं. ब्रह्मपुरीहून ते सिंदेवाहीला गेलं, सिंदेवाहीहून बल्लारपूरला, आणि तिथे पोचेपर्यंत आईने बापाला घराबाहेर काढल्याची बातमी झाली होती.

त्यामुळे त्या दिवाळीला तिन्ही पोरं आली. किती वर्षांनी एकत्र आली, हे कोणालाच आठवेना. आल्या आल्या कमळाने आईला सुनावलं, की आमच्या खोल्या पाडून आम्ही माहेरी यायचं कुठे? बाळाजीने तिचीच री ओढली. वच्छला नुसतीच रडली. भाऊ ओसरीच्या कोपऱ्यात गरीब तोंड करून बसले होते, पण आतून त्यांना फार बरं वाटत होतं.

गुणाबाईने वाद घातला नाही. जेवणं झाल्यावर तिने प्रत्येकाला विचारलं, कुठी आंथरू? कमळा आपल्या खोलीत जाऊन आली, कोंबड्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, आजच्या दिवस ओसरीतच टाक. बाळाजीच्या बायकोला पाली दिसल्या. वच्छलाला एकटीला झोप येत नसे. मग सगळे ओसरीतच ओळीने निजले, लेकरं मधे, पांघरुणांची ओढाओढ करत. दुसऱ्या दिवशी गुणाबाईने पुन्हा विचारलं, आणि पोरं जाईपर्यंत रोज विचारत राहिली.

पोरांच्या गाड्या गेल्यावर ती भाऊंजवळ येऊन टेकली.

"तुमच्या खोल्याइमंधी कोनी निजलं का?"

भाऊंनी विड्या शोधायला सुरुवात केली. विड्या खिशातच होत्या.

धान कापून झाल्यावर जंगलातल्या गावाहून लालसू आला. हा भाऊंच्या ओळखीतला गोंड शेतकरी, नुकताच भावांपासून वेगळा निघाला होता आणि त्याला घर उभारायचं होतं. त्याने खांब ठोकून बघितले आणि लाकूड पसंत केलं. मोबदल्यात पाऊस लागायच्या आधी दरवर्षी भाऊंचे कवेलू फेरून देईन, असं कबूल केलं. भाऊंनी अट घातली की आधी सातवी खोली उतरवायची, कारण ती कोणाच्या नावाची नाही. मग व्याह्यांची. कमळाच्या खोलीवर माणसं चढली तेव्हा भाऊ उगाच शेताकडे निघून गेले आणि बांधावर बसून राहिले. परत आले तर तिथे आभाळ होतं. कोंबड्या गोंधळून इकडेतिकडे फिरत होत्या. भाऊही थोडा वेळ त्यांच्यातच फिरले.

ठरलं होतं तीनच खोल्यांचं लाकूड लालसूला द्यायचं, बाकीचं विकायचं. पण बोलता बोलता कळलं की लालसूच्या बायकोला दिवस गेलेत. भाऊ लगेच म्हणाले, मग बाळाजीची खोलीपण घेऊन जा, लेकराला लागेल. एवढ्यावर न थांबता ते लाकडांच्या गाडीत बसून त्याच्या गावी गेले आणि खांब कुठे रोवावा यावर त्याच्याशी चार दिवस हुज्जत घालून आले. कमर तेवढ्यापुरती बरी झाली होती.

खरी अडचण पुढे सुरू झाली. सात खोल्यांच्या घरात गुणाबाईने सरपण फोडायला हाक मारली की भाऊ मागच्या कुठल्यातरी खोलीत असत आणि नंतर सांगत, ऐकू नाई आलं. आता ती नुसती उसासली तरी ऐकू येई. वरणात मीठ कमी आहे असं ते स्वतःशी पुटपुटले तरी चुलीपाशी पोचे. पहिल्या पंधरवड्यात दोघं जेवढी भांडली तेवढी आख्ख्या संसारात भांडली नव्हती. भाऊ दुपारभर चावडीवर बसायला लागले.

एके दुपारी ऊन फार होतं म्हणून ते गेले नाहीत, पुढच्या खोलीत पडून राहिले. ते झोपले असं समजून गुणाबाई आत तांदूळ निवडत बसली आणि गायला लागली. आवाज साधाच होता, एका जागी चिरकत होता. एक ओळ तिला आठवत नव्हती, तिथे ती थांबे, नुसतं गुणगुणे आणि पुढची ओळ धरे. भाऊ उठून बसले. एवढ्या वर्षांत बायको गाते हे त्यांना माहीत नव्हतं.

गाणं संपल्यावर ते दारात जाऊन उभे राहिले.

"हे गानं तुले केव्हापासून येते?"

गुणाबाई दचकली. तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"माहेरून आनलं होतं," ती म्हणाली. "तुमी मांगं खोल्या बांधून राह्यले होते."

भाऊ परत येऊन आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे ते पुन्हा झोपले असं तिला वाटावं. आत सूप तेवढं वाजत राहिलं. मग हळूच, विसरलेल्या ओळीच्या जरा अलीकडून, ती पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून भाऊंनी दुपारचं चावडीवर जाणं सोडलं. कोणी विचारलंच तर गुडघे दुखतात म्हणून सांगत.