आबांचं भिंग आणि भिंतीवरचा पतंग

राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात ट्यूबलाइट जळत असते. सकाळी तिथल्या भिंतीला पतंग चिकटलेले असतात, आणि मी मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून त्यांचे फोटो काढत असते. शेजारीण म्हणते, "किड्यांचं कसलं खूळ गं बाई!" म्हणू दे. त्या लेन्समधून जी नक्षी दिसते ती तिच्या ठेवणीतल्या साडीवरही नाही.

आबा, माझे वडील, चांदीचे कारागीर. उभा जन्म पैंजणं घडवण्यात गेला. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली. चहा सांडतो म्हणून चारचौघांत बसणं सोडलं. हात कायम टॉवेलाखाली. मी कप धरायला गेले की अंगावर यायचे, "मी काय ल्हान पोरगं हाय व्हय?" मग मीही फणकारायचे. पण जीव तुटायचा, खोटं कशाला सांगू!

एका सकाळी भला मोठा करडा पतंग सापडला. फोटो काढला आणि मोबाईल आबांपुढे टेबलावर ठेवला. "मिशा बघा, आबा! पिसासारख्या!" तर त्यांनी कामाचं भिंग काढलं, पडद्यावर टेकवलं आणि वाकले. भिंगाखाली घातल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाचंच काम चांगलं म्हटलेलं नाही.

"ह्यात नुस्ते रंगाचे ठिपके हायत की. काम कुठं हाय?"

"अहो, तो फोटो आहे!"

"मग खरं दाव."

कितीतरी दिवसांनी आबा दाराबाहेर आले. पतंग होता तिथंच होता. पण भिंतीपुढे भिंग टेकवायला काही नव्हतं. ते थरथरू लागलं. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. पुन्हा तेच. मी पुढे झाले नाही. धरायला गेले असते तर तरातरा घरात निघून गेले असते.

"बघतीस काय? धर की हात."

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. भिंग थांबलं. आबा कितीतरी वेळ बघत होते.

"आयला! दांडीला केस, केसाला परत केस. अन् सांधा कुठं दिसंना. आपल्याला न्हाय जमलं असतं, बघ."

आजवर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे हात भरून आले, म्हणून पकड जरा सैल केली.

"सोडू नगंस," आबा म्हणाले. "मागचं पाय ऱ्हायल्यात."