शैलानंतरची संक्रांत

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय...

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मिशिगनमधलं नोव्हाय. गाड्यांच्या कंपन्यांत नोकऱ्या करणारी आमची दहा-बारा मराठी कुटुंबं. शैला माझी मैत्रीण. तिचा नवरा दिलीप तिला ड्रायव्हिंग शिकू देत नव्हता, म्हणून ग्रोसरीला मीच न्यायचे. परतताना पार्किंग लॉटमध्ये हीटर लावून आम्ही गप्पा मारत बसायचो. तेवढंच तिचं माहेर.

एका संक्रांतीला आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या कुसुमकाकूंकडे हळदीकुंकवाला ती डाव्या भुवईवर निळं टेंगूळ घेऊन आली. काकूंनी ते चुकवून कुंकू लावलं, हातात वाण ठेवलं.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकू, कशाने झालं ते विचारा तरी तिला!"

"अगं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं? तू ना, जरा जास्तच शिकलीस!"

हशा पिकला. शैलाही हसली.

गाडीत मी म्हटलं, "माझ्याकडे राहायला ये. आजच."

"उन्हाळ्यात येते गं," म्हणाली.

उन्हाळ्याआधीच ती गेली. बेसमेंटच्या जिन्यावरून पडली — असं दिलीप म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढची संक्रांत. पुन्हा कुसुमकाकूंकडेच, शनिवारी दुपारी. पुरुष खाली बेसमेंटमध्ये फुटबॉल बघत बसलेले. त्यांत दिलीपही — "एकटा पडलाय बिचारा" म्हणून खास बोलावलेला! कुंकू झालं, तशा बायका जेवणाच्या प्लेट्स घेऊन एकामागून एक जिना उतरल्या. मी सगळ्यांत मागे.

खाली खळकन ग्लास फुटला. दिलीपच्या हातातला. तो बायकांच्या तोंडांकडे बघत होता. मग मीही पाहिलं... प्रत्येकीच्या डाव्या भुवईवर निळं टेंगूळ.

"अगंबाई, तुझ्या कपाळाला काय झालं?"

"माझ्या? तुझंच बघ आधी!"

दुखत कुणालाच नव्हतं. दिलीप कोटही न घेता बर्फात निघून गेला. महिन्याभरात घर विकलं. कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. टेंगळं संध्याकाळपर्यंत उतरली. आमच्यातले एक डॉक्टर म्हणाले, हळदीची अ‍ॅलर्जी. पण त्याच कोयरीतली हळद मलाही लावली होती, आणि माझं कपाळ कोरं!

दुसऱ्या दिवशी काकूंचा रडत फोन आला. "तू बोलली होतीस ना, म्हणून तिने तुला सोडलं."

असेलही. माझ्या फिजिक्समध्ये याला उत्तर नाही, मी शोधून दमले. पण खरं सांगू? मला अशी सूट नको होती. ती त्या घरात आली, एकेकीच्या कपाळाला हात लावून गेली, आणि मी तिथेच, जिन्यावर उभी होते...

टेंगूळ तर टेंगूळ, शैला. मलाही हात लावायचा होतास गं.