डाळमिलच्या बोर्डातला ॲरे

लातूरच्या एका डाळमिलच्या कंट्रोल बोर्डासाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला होता. चाळणं, भिजवणं, भरडणं, प्रत्येक कामाचं वेगळं फंक्शन, म्हणजे सूचनांचा छोटा तुकडा, आणि त्यांचे पॉइंटर, म्हणजे पत्ते, एका ॲरेत, नंबर दिलेल्या कप्प्यांत, ओळीनं. जो नंबर दाबाल, त्या जागेवरचं फंक्शन चालायचं. रिकाम्या जागांवर मशीन थांबवणारं फंक्शन ठेवलं होतं.

पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला. "कोड बरोबर आहे, पण साधं इफ-एल्स करा, एकेक नंबर तपासत जाणारं. तिकडच्या पोरांना हे झेपणार नाही."

"मी तिकडचीच हाय, साहेब. अहमदपूरची. न्हाई बदलणार."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच बदललेली फाईल पाठवली. मी ती उघडलीसुद्धा नाही, बोर्डात माझीच भरली. पुढच्या हंगामात मिलमध्ये पोती भरायचं मशीन आलं. त्याचं फंक्शन मिलच्या पोरांनी लिहिलं आणि रिकाम्या जागेवर बसवलं. मला त्यांनी विचारलंही नाही.