एक वाक्य मागे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याने मशीनला ती फाईल पुन्हा वाचायला लावली. अकरा तासांची कादंबरी, आवाज त्याच्या बायकोचा. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून द्यायची. मागच्या वर्षी ती गेली.

त्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नेलचं. फाईल वाचली जात असताना पुढचा भाग कोणी मागायच्या आत डिस्कवरून आणून ठेवायचा, ही कर्नेलची जुनी सवय. नव्या आवृत्तीत ती कुठेतरी बिघडली होती आणि ग्रंथालयाच्या म्हाताऱ्या डिस्कवर पुस्तकं ऐकताना आवाज तुटत होता. चाचणीत मात्र काही सापडेना. फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसाट वाचली जायची आणि वाचलेलं आवाज न काढता तिथल्या तिथे टाकून दिलं जायचं. ऐकावं लागत नसे. त्याला ते बरंच होतं.

"बाबा, कधीतरी ऐका तरी," मुलगी बूट चढवता चढवता म्हणाली.

"रोज वाचतोय की."

"वाचतं ते मशीन. तुम्ही नुसते आकडे बघता."

मुलगी बाहेर पडल्यावर त्याने ग्रंथालयाकडे तक्रार करणाऱ्याला फोन लावला. म्हातारा शिंपी, नजर गेलेली.

"वाचणाऱ्या बाई हल्ली फार अडखळतात हो. वय झालं का त्यांचं?"

"नाही. दोष मशीनचा आहे. नेमकं कधी होतं?"

"एखादं वाक्य आवडलं की मी जरा मागे नेतो. मग पुढे नुसता तोतरेपणा! दुसऱ्यांदा सांगायला लावलं म्हणून चिडत असतील."

"चिडायची खरी."

"चिडायची?"

"माझी बायको होती."



"मग लवकर काढा तो दोष," शिंपी म्हणाला.

त्याने चाचणी बदलली. थोडं वाचायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे. वाक्य केवढं असतं ते ऐकल्याशिवाय कळलं नसतं. त्याने अंदाजे दहा सेकंद धरले. वेग तिथेच कोसळला. एका नव्या बदलामुळे, एकदा मागे गेलेला वाचक भरकटलाय असं कर्नेल धरून चालत होतं आणि त्याच्यासाठी पुढचं आणून ठेवणं बंद करत होतं. त्याने तो बदल काढून टाकला.

संध्याकाळी दुरुस्ती ग्रंथालयात पोचली. रात्री जेवणाआधी शिंप्याचा फोन आला.

"बाई छान वाचतायत. तुम्ही ऐकलंत ना?"

"तपासलं," तो म्हणाला.

उद्या सकाळी सहाला चाचणी आपोआप सुरू होईल. फाईल तीच आहे. त्या मशीनला स्पीकर जोडलेला नाही.